जुळणी आणि कारण : कर्ताधिष्ठित प्रतिमानांच्या अभ्यासाविषयी

एखाद्या समूहाच्या वर्तनाचा शास्त्रीय विचार दोन मार्गांनी करता येतो. पहिला मार्ग समूहाला एक सलग राशी मानतो आणि त्या राशीत कालमानाने होणारा बदल समीकरणांच्या साहाय्याने व्यक्त करतो. दुसरा मार्ग समूहातील एकेका घटकापासून आरंभ करतो. त्या घटकाची स्थिती कोणती, तो कोणाच्या सान्निध्यात आहे, कोणत्या प्रसंगी त्याने काय करावयाचे, हे नियमांच्या रूपाने सांगितले जाते. आणि अशा शेकडो अथवा लक्षावधी घटकांच्या परस्परव्यवहारातून समूहाचे कोणते रूप निष्पन्न होते, ते संगणकावर पाहिले जाते. या दुसऱ्या मार्गास कर्ताधिष्ठित प्रतिमान-पद्धती असे म्हणता येईल. इंग्रजीत ‘एजंट’ या शब्दाने ज्याचा निर्देश होतो तो येथे ‘कर्ता’ होय. मग तो कर्ता मनुष्य असो, कुटुंब असो, मुंगी असो वा शरीरातील पेशी असो.

गेल्या काही दशकांत या पद्धतीचा प्रसार अर्थशास्त्र, समाजशास्त्र, परिस्थितिविज्ञान, पुरातत्त्व आणि रोगप्रसारशास्त्र अशा परस्परांपासून दूर असलेल्या विषयांत झाला आहे. साधनेही सुलभ झाली आहेत. यूरी विलेन्स्की यांनी १९९९ मध्ये सिद्ध केलेली ‘नेटलोगो’ ही प्रणाली विनामूल्य मिळते, आणि थोड्याशा सरावाने पदव्युत्तर विद्यार्थी तिच्यात एखादे लहान प्रतिमान रचू शकतो. अडचण उत्पन्न होते ती येथेच. पडद्यावर ठिपके हलू लागतात, त्यांतून ओळखीचा आकार उमटतो, आणि आकार उमटला म्हणजे त्यामागील कारण सापडले असा समज सहज होतो. हा समज कोठे व का फसवा ठरतो, आणि तो टाळावयाचा तर अभ्यासाचा क्रम कसा असावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. मुंबईच्या प्लेगचा आलेख

जुळणी आणि कारण यांतील अंतराचा प्रश्न या पद्धतीबरोबर जन्मास आलेला नाही. समीकरणांच्या मार्गातही तो होताच, आणि त्याचे अत्यंत बोधप्रद उदाहरण मुंबईचे आहे. डब्ल्यू. ओ. कर्मॅक आणि ए. जी. मॅकेन्ड्रिक यांनी १९२७ मध्ये रोगप्रसाराचा गणिती सिद्धांत मांडला. यांपैकी मॅकेन्ड्रिक हे पूर्वी इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते. लोकसंख्येचे रोगग्राही, रोगग्रस्त आणि रोगातून सुटलेले असे वर्ग कल्पून एका वर्गातून दुसऱ्या वर्गात किती वेगाने संक्रमण होते हे त्यांनी अवकल समीकरणांनी दर्शविले. सिद्धांताच्या पुष्टीसाठी त्यांनी निवडलेली आकडेवारी होती मुंबई बेटावरील प्लेगच्या साप्ताहिक मृत्यूंची : १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६. समीकरणातून निघालेली वक्ररेषा आणि प्रत्यक्ष मृत्यूंचे बिंदू यांचा मेळ उत्तम बसला. तो आलेख पुढे रोगप्रसाराच्या गणितावरील ग्रंथांतून वारंवार छापला गेला.

सिद्धांताचा मथितार्थ असा होता की, रोगग्राही व्यक्तींची संख्या एका मर्यादेखाली उतरली म्हणजे साथ आपोआप ओसरते. सर्व लोक रोगग्रस्त होईपर्यंत ती चालत नाही. हा सिद्धांत आजही मोलाचा आहे. परंतु १९०६ मधील मुंबईची साथ त्याच कारणाने ओसरली काय? निकोला बाकाएर यांनी २०१२ मध्ये या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी दिले. मुंबईत १८९७ पासून निदान १९११ पर्यंत प्लेग दरवर्षी ठरावीक ऋतूत उसळत असे आणि ठरावीक ऋतूत ओसरत असे. रोगग्राही माणसे संपल्यामुळे साथ थांबली असती, तर पुढच्या वर्षी त्याच वेळी ती पुन्हा कशी उद्भवली असती? साथीला वेग देणारे व खीळ घालणारे मुख्य कारण ऋतुमान होते. उंदीर आणि पिसवा यांच्या जीवनक्रमावर त्याचा प्रभाव पडत असे. शिवाय स्थिर प्राचल गृहीत धरून वक्ररेषा जुळविली असता त्या प्राचलांची मूल्ये वास्तवाशी विसंगत येतात, हेही बाकाएर यांनी दाखविले.

मूळ लेखकांवर येथे अप्रामाणिकपणाचा आरोप करता येत नाही. माणसांतील प्लेग हे उंदरांतील प्लेगचे प्रतिबिंब मानले आहे, सर्व उंदरांस संसर्गाची संधी सारखीच आहे असे धरले आहे, आणि यांतील कोणतेही गृहीत काटेकोरपणे खरे नाही, ही कबुली त्यांनी आलेखाबरोबरच दिली होती. आकड्यांशी मेळ बसला एवढ्यावरून यंत्रणा सिद्ध होत नाही, हा या उदाहरणाचा धडा होय. एकाच वक्ररेषेकडे नेणाऱ्या वाटा अनेक असू शकतात.

कर्ताधिष्ठित पद्धतीचा पुरस्कार ज्या कारणासाठी केला जातो ते कारणही या उदाहरणात दडलेले आहे. ‘सर्वांस सारखी संधी’ हे गृहीत ही पद्धती टाकून देऊ शकते. प्रत्येक उंदराचे स्थान निराळे, प्रत्येक घरातील माणसांची संख्या निराळी, असे तिला सहज मांडता येते. परंतु एक मोठे गृहीत टाकताना तिला लहान लहान गृहीतांची मालिकाच स्वीकारावी लागते. समीकरणात तीन प्राचल असतील तर कर्ताधिष्ठित प्रतिमानात तीस असतात. जुळणी साधणे त्यामुळे अधिक सोपे होते, आणि जुळणीचे प्रमाण म्हणून असलेले वजन तितकेच घटते.

२. शेलिंग यांचा पट

पद्धतीचे सामर्थ्य समजण्यासाठी अभ्यासकाने ज्या प्रतिमानापासून आरंभ करावा, ते अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ टॉमस शेलिंग यांनी १९६९ व १९७१ मधील निबंधांत मांडले. त्यासाठी त्यांस संगणकाचीही गरज भासली नाही. चौकटींचा पट आणि दोन प्रकारची नाणी पुरेशी होती. नाणी म्हणजे दोन वर्गांतील कुटुंबे. पटावरील काही घरे रिकामी ठेवावयाची. प्रत्येक नाण्याच्या भोवती अधिकात अधिक आठ शेजारी असतात. आपल्या शेजाऱ्यांपैकी निदान ३० टक्के आपल्या वर्गाचे असावेत, एवढीच प्रत्येकाची अपेक्षा आहे असे समजू. आठही घरे भरलेली असतील, तर त्यांपैकी तीन शेजारी स्ववर्गीय असले की कुटुंब समाधानी. दोनच असले तर ते असमाधानी, आणि ते उठून रिकाम्या घरात जाते.

ही अपेक्षा मवाळ आहे. स्वतः अल्पसंख्य होऊन राहण्यास येथे प्रत्येकाची तयारी आहे. आरंभी नाणी यदृच्छया मांडली तर सरासरीने निम्मे शेजारी स्ववर्गीय असतात. म्हणजे बहुतेक कुटुंबे समाधानीच असतात. तरीही थोड्या असमाधानी कुटुंबांनी स्थलांतर केले की त्यांच्या जाण्याने जुन्या शेजाऱ्यांचे आणि येण्याने नव्या शेजाऱ्यांचे गणित बदलते. त्यांतून काही नवी कुटुंबे असमाधानी होतात. ही साखळी थांबते तेव्हा पटावर स्वच्छ वेगळ्या वस्त्या पडलेल्या दिसतात. नेटलोगोच्या ग्रंथालयातील या प्रतिमानात ३० टक्क्यांच्या अपेक्षेतून सुमारे ७० टक्के स्ववर्गीय शेजार निष्पन्न होतो. व्यक्तीच्या मनात जे नव्हते ते समूहाच्या रचनेत उतरते. यासच उद्भव असे म्हणतात.

याच पटावर दुसरा प्रयोग करण्यासारखा आहे. अपेक्षा वाढवीत नेली म्हणजे विभाजनही वाढत जाईल असे प्रथमदर्शनी वाटते. काही मर्यादेपर्यंत तसे होतेही. परंतु अपेक्षा ८० टक्क्यांच्या पलीकडे गेली आणि रिकामी घरे थोडी असली, तर कोणासच मनाजोगते घर सापडत नाही. सारी कुटुंबे अखंड भटकत राहतात आणि वेगळ्या वस्त्या आकारासच येत नाहीत. अत्यंत असहिष्णू लोकांचा पट मिश्र राहतो, आणि सहिष्णूंचा विभागला जातो. केवळ तर्काने हा निष्कर्ष सुचणे कठीण. नियम चालवून पाहिल्यावाचून तो हाती लागत नाही. पद्धतीची उपयुक्तता येथे निःसंशय प्रत्ययास येते.

आता या प्रतिमानाने नेमके काय सिद्ध केले ते काळजीपूर्वक सांगितले पाहिजे. वस्त्यांचे तीव्र विभाजन दिसले म्हणून रहिवाशांच्या मनात तीव्र द्वेष असलाच पाहिजे, हे अनुमान शेलिंग यांनी खोटे ठरविले. सौम्य पसंतीदेखील विभाजनास पुरेशी होऊ शकते. परंतु अमेरिकेतील शहरे प्रत्यक्षात याच कारणाने विभागली गेली, हे त्यावरून सिद्ध होत नाही. तेथे घरविक्रीच्या करारांतील वर्णविषयक बंधने, कर्जवाटपातील भेदभाव आणि शासकीय धोरणे यांचा वाटा इतिहासाने नोंदलेला आहे. पुरेसे होऊ शकणारे कारण आणि प्रत्यक्ष घडविणारे कारण यांत भेद आहे. या पद्धतीचे एक प्रमुख प्रवर्तक जोशुआ एप्स्टाइन यांनीही १९९९ मध्ये हीच मर्यादा स्पष्ट केली : समूहाचे रूप नियमांतून निर्माण करून दाखविणे हे स्पष्टीकरणास आवश्यक आहे, परंतु पुरेसे नाही, कारण तेच रूप निर्माण करणारे नियमसंच एकाहून अधिक असू शकतात.

३. न सांगितलेले नियम

प्रतिमानात जे नियम स्पष्टपणे लिहिलेले असतात त्यांवर निदान चर्चा तरी होते. अधिक धोका असतो तो आज्ञावली लिहिताना नकळत घेतलेल्या निर्णयांचा. कोणता कर्ता प्रथम हालचाल करतो, सर्व एकाच क्षणी निर्णय घेतात की एकामागून एक, दोन पर्याय सारखे असल्यास कोणता निवडावयाचा, असे हे निर्णय असतात. रचणाऱ्यास ते तांत्रिक तपशील वाटतात. क्वचित संपूर्ण निष्कर्षच त्यांवर उभा असतो.

मार्टिन नोवाक आणि रॉबर्ट मे यांनी १९९२ मध्ये ‘कैद्यांचा पेच’ या नावाने परिचित असलेला खेळ चौकटींच्या जाळ्यावर मांडला. प्रत्येक चौकटीत एक खेळाडू. तो शेजाऱ्यांशी सहकार तरी करतो किंवा दगा तरी देतो. प्रत्येक फेरीनंतर तो आपल्या परिसरात ज्याची प्राप्ती सर्वांत अधिक झाली त्याचे अनुकरण करतो. स्मरणशक्ती नाही, डावपेच नाहीत. तरीही सहकार करणाऱ्यांचे पुंजके टिकून राहिले आणि पटावर रांगोळीसारख्या सतत पालटणाऱ्या आकृत्या उमटल्या. केवळ शेजाराच्या रचनेमुळे सहकार टिकू शकतो, असा अर्थ त्यांतून निघाला.

पुढच्याच वर्षी बर्नार्डो ह्यूबरमन आणि नॅटली ग्लान्स यांनी तोच खेळ एका बदलासह पुन्हा मांडला. मूळ प्रतिमानात सर्व खेळाडू एकाच ठोक्यावर आपली चाल बदलीत असत. येथे ते एकामागून एक बदलू लागले. प्राप्तीचे आकडे तेच ठेवले असता सहकार नाहीसा झाला आणि सर्वत्र दगाबाजी पसरली. मानवी समाजात वा प्राणिसृष्टीत सर्वांस एकाच क्षणी निर्णय घ्यावयास लावणारे घड्याळ नसते, हे त्यांचे म्हणणे होते. वाद येथे संपला नाही. नोवाक, बॉनहॉफर आणि मे यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले की, प्राप्तीच्या अन्य मूल्यांसाठी क्रमाक्रमाने चाल बदलली तरी सहकार टिकतो. एवंच मूळ निष्कर्ष सर्वस्वी खोटा नव्हता. तो कोणत्या मर्यादेत खरा, हे आक्षेपामुळे कळले. तो आक्षेप घेता आला, कारण प्रतिमानाचे वर्णन इतरांस ते पुन्हा रचता येईल इतके स्पष्ट होते.

दुसरे उदाहरण प्रयोगाच्या कालावधीचे आहे. रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी १९८६ मध्ये सामाजिक दंडक कसे टिकतात यासंबंधी एक प्रतिमान प्रसिद्ध केले. दंडक मोडणाऱ्यास शिक्षा करण्यात शिक्षा करणाऱ्याचेही काही नुकसान होते. म्हणून शिक्षा टाळणाऱ्यासही शिक्षा झाली तर दंडक टिकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. प्रयोगात २० खेळाडू, १०० पिढ्या आणि पाच आवृत्त्या होत्या. त्या काळच्या संगणकांच्या मानाने हे स्वाभाविकच होते. होसे गालान आणि लुईस इझ्क्विएर्दो यांनी २००५ मध्ये हे प्रतिमान नव्याने रचून पाहिले. प्रयोग अधिक काळ चालविला, प्राचलांत थोडा फरक केला किंवा काही ऐच्छिक गृहीते बदलली, तर अगदी उलट निष्कर्ष मिळू शकतात, असे त्यांस आढळले. शंभराव्या पिढीत दिसलेले स्थैर्य हा अखेरचा निकाल नव्हता. या दोघांस ही तपासणी करण्यास तब्बल एकोणीस वर्षांनंतरही सवड मिळाली, याचा अर्थ मधल्या काळात त्या निष्कर्षाचा उल्लेख करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी तो पुन्हा घडवून पाहिला असावा.

४. लाँग हाउस दरीतील कुटुंबे

आतापर्यंतची उदाहरणे कल्पित पटांवरील होती. प्रत्यक्ष पुराव्याशी सामना करणारे, आणि म्हणूनच अधिक बारकाईने अभ्यासावे असे प्रतिमान अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्याच्या ईशान्येस असलेल्या लाँग हाउस दरीचे आहे. या दरीत मक्याची शेती करणारा समाज सुमारे इ. स. १३०० पर्यंत नांदत होता. पुरातत्त्वज्ञ त्यांस अ‍ॅनासाझी म्हणत. आता प्वेब्लो लोकांचे पूर्वज असा त्यांचा निर्देश करणे इष्ट मानले जाते. तेराव्या शतकाच्या अखेरीस दरी ओस पडली. ती का ओस पडली, हा जुना प्रश्न होय. अवर्षण हे एक उत्तर. सामाजिक कारणे हे दुसरे.

रॉबर्ट अ‍ॅक्स्टेल, जोशुआ एप्स्टाइन, जेफ्री डीन, जॉर्ज गमरमन आणि त्यांचे सहकारी यांनी २००२ मध्ये या दरीचे प्रतिमान प्रसिद्ध केले. त्याची सामग्री विलक्षण समृद्ध होती. वृक्षवलयांवरून वर्षावर्षाचे अवर्षणमान, गाळाच्या थरांवरून भूजलाची पातळी, परागकणांवरून वनस्पतींची स्थिती अशा साधनांनी दरीतील जमिनीत कोणत्या वर्षी हेक्टरी किती मका पिकू शकला असता याचा अंदाज बांधता आला. दरीचे एक-एक हेक्टरचे तुकडे पाडण्यात आले. कर्ता म्हणजे पाच माणसांचे कुटुंब. माणशी १६० किलोग्रॅम, म्हणजे कुटुंबाला वर्षाकाठी ८०० किलोग्रॅम मका लागतो. मका दोन वर्षांपर्यंत साठविता येतो. साठा आणि अपेक्षित पीक मिळून गरज भागणार नसेल तर कुटुंब दुसऱ्या जमिनीच्या शोधात निघते. जमीन न मिळाल्यास दरी सोडते. कुटुंबांतून नवी कुटुंबे फुटतात, जुनी नाहीशी होतात. इ. स. ८०० पासून १३५० पर्यंत हा क्रम चालवून त्यातील कुटुंबसंख्येची तुलना उत्खनन व सर्वेक्षणातून मिळालेल्या संख्येशी करण्यात आली.

प्राचल जुळविल्यानंतर प्रतिमानातील चढउतार प्रत्यक्षाशी बऱ्याच अंशी मिळाले. वस्त्यांची स्थलांतरेही साधारणतः तशीच दिसली आणि अखेरचा ऱ्हासही दिसला. एका गोष्टीत मात्र मेळ बसला नाही. प्रत्यक्षात दरी पूर्णपणे ओस पडली. प्रतिमानात थोडी कुटुंबे शेवटपर्यंत टिकून राहिली. या अपयशाचेच मोल मोठे ठरले. शेवटच्या काळातही दरीची जमीन काही लोकांस पोसू शकत होती; म्हणजे केवळ अवर्षणाने संपूर्ण स्थलांतराचा उलगडा होत नाही. मागे राहणे शक्य असूनही लोक गेले, तेव्हा अन्य कारणांचा शोध घेणे प्राप्त झाले. जेथे जुळणी साधली त्याहून जेथे ती फसली तेथे या प्रतिमानाने अधिक शिकविले.

या कथेचा उत्तरार्धही तितकाच महत्त्वाचा आहे. मार्को यान्सेन यांनी २००९ मध्ये हे प्रतिमान नव्याने रचून त्याची चिकित्सा केली. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता : कुटुंबांचे वर्तन पूर्णपणे वगळले, आणि दरी त्या त्या वर्षी जितक्या कुटुंबांस पोसू शकते तितकीच कुटुंबे तेथे होती असे मानले, तर जुळणी किती बिघडते? फारशी बिघडत नाही, असे त्यांस आढळले. जुळणीचे यश मुख्यत्वे पिकाचे मान ठरविणाऱ्या दोन प्राचलांवर अवलंबून होते. कर्त्यांच्या वर्तनाच्या नियमांमुळे तीत माफकच सुधारणा होत होती. म्हणजे ज्या भागासाठी ही पद्धती योजली होती, त्याच भागाचा जुळणीतील वाटा थोडा होता. यामुळे मूळ कार्य निष्फळ ठरत नाही. परंतु जुळणीचे श्रेय प्रतिमानातील कोणत्या अंगाला द्यावयाचे, हे त्या अंगावाचून प्रयोग करून पाहिल्याखेरीज समजत नाही, हे त्यावरून निर्विवाद ठरते.

५. पुन्हा मुंबई

असा कस लावणे ही केवळ विद्वत्तेची हौस नव्हे. २०२० मध्ये कोविडची साथ पसरली तेव्हा बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांतील संशोधकांनी बंगळूर व मुंबई या शहरांची कर्ताधिष्ठित प्रतिमाने रचली. मुंबईच्या प्रतिमानात सुमारे १ कोटी २४ लक्ष कर्ते होते. घर, शाळा, कामाची जागा, परिसर आणि लोकलगाड्या या संसर्गाच्या जागा होत्या. झोपडपट्टी आणि इतर वस्ती यांतील दाटीचा भेद त्यात अंतर्भूत होता. कार्यालये किती प्रमाणात उघडावी, गाड्या सुरू केल्यास काय होईल, असे प्रश्न या प्रतिमानास विचारले गेले. त्यांच्या उत्तरांवर लक्षावधी लोकांचा रोजगार आणि जीवित अवलंबून होते.

कर्त्यांचा मार्ग येथे का आवश्यक होता, हे जुलै २०२० मधील रक्ततपासणीच्या सर्वेक्षणाने दाखविले. मुंबईतील तीन विभागांत झालेल्या या सर्वेक्षणात झोपडपट्ट्यांतील निम्म्याहून अधिक लोकांच्या रक्तात संसर्गाची खूण आढळली. इतर वस्त्यांत हे प्रमाण सुमारे १६ टक्के होते. सबंध शहरासाठी एकच सरासरी वापरणाऱ्या समीकरणात हा भेद दिसलाच नसता. त्याचबरोबर अशा प्रतिमानास बाह्य पुराव्याची गरज का असते, हेही येथे कळते. चाचण्यांत आढळलेल्या रुग्णांची संख्या चाचण्या किती झाल्या यावर अवलंबून असते; म्हणून संशोधकांनी प्राचल ठरविण्यासाठी मृत्यूंच्या नोंदींचा आधार घेतला. ज्या आकड्यांवरून प्राचल ठरविले तेच आकडे प्रतिमानाच्या खरेपणाचे प्रमाण होऊ शकत नाहीत. प्रमाण व्हावयाचे तर ते रक्ततपासणीसारख्या निराळ्या मार्गाने मिळालेल्या माहितीचे.

६. अभ्यासाचा क्रम

वरील उदाहरणांवरून पदव्युत्तर अभ्यासकासाठी एक क्रम सुचविता येतो.

प्रथम, प्रश्नाला कर्त्यांची गरज आहे काय ते ठरवावे. घटकांतील भिन्नता, त्यांचे स्थान अथवा परस्परसंबंध, किंवा अनुभवाने बदलणारे त्यांचे वर्तन यांपैकी एकही गोष्ट निष्कर्षास आवश्यक नसेल, तर समीकरण अधिक स्वच्छ उत्तर देते.

दुसरे, संगणकापूर्वी कागद. शेलिंग यांच्या पटावर हाताने वीसपंचवीस चाली करून पाहिल्या म्हणजे कोणते नियम सांगावयाचे राहून गेले ते ध्यानात येते. असमाधानी कुटुंबाने जवळचे रिकामे घर घ्यावयाचे की कोणतेही? त्या घरात ते समाधानी होणार नसेल तरीही हलावयाचे काय? हे प्रश्न हाताने खेळताना अडवितात. आज्ञावलीत ते नकळत सुटून जातात.

तिसरे, स्वतःचे प्रतिमान रचण्यापूर्वी प्रसिद्ध झालेले एखादे प्रतिमान केवळ त्याच्या वर्णनावरून पुन्हा रचावे. मूळ आज्ञावली प्रथम पाहू नये. जेथे अडेल तेथे वर्णनातील उणीव सापडते. फोल्कर ग्रिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये वर्णनाचा एक नमुना सुचविला असून २०१० व २०२० मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या आहेत. ओडीडी या नावाने तो ओळखला जातो. आढावा, रचनातत्त्वे आणि तपशील असे त्याचे तीन भाग असून, प्रतिमानाचा हेतू, कर्त्यांची स्थितिदर्शक चले, क्रियांचा क्रम, आरंभीची स्थिती, बाहेरून येणारी सामग्री आणि उपप्रतिमाने यांची नोंद त्यात ठरलेल्या अनुक्रमाने करावी लागते. स्वतःच्या प्रतिमानाचे असे वर्णन आज्ञावलीच्या आधी लिहिणे अधिक हितावह.

चौथे, आज्ञावलीची पडताळणी अशा स्थितीत करावी की जिचे उत्तर आधीच ठाऊक आहे. शेलिंग यांच्या पटावर अपेक्षा शून्य ठेवली तर कोणीही हलता कामा नये. एखादे कुटुंब हलले, तर दोष समाजात नाही, आज्ञावलीत आहे.

पाचवे, एका प्रयोगावरून काहीही म्हणू नये. यदृच्छा-संख्यांचे बीज बदलून प्रयोग अनेकवार करावा. केवळ सरासरी न देता उत्तरांचा विस्तार सांगावा. कालावधी वाढवून पाहावा. कर्त्यांचा क्रम बदलून पाहावा. आणि प्रत्येक प्राचल संभाव्य मर्यादेत फिरवून निष्कर्ष कोठे मोडतो ते नमूद करावे. निष्कर्ष ज्या मर्यादेत टिकतो ती मर्यादा हा निष्कर्षाचाच भाग होय.

सहावे, प्रतिस्पर्धी प्रतिमान स्वतःच उभे करावे. ज्या नियमास आपण कारण म्हणतो तो काढून टाकला असता जुळणी किती बिघडते? यान्सेन यांनी दुसऱ्यांच्या प्रतिमानास विचारलेला हा प्रश्न प्रत्येक संशोधकाने प्रथम आपल्या प्रतिमानास विचारावा.

सातवे, एकाच वक्ररेषेशी जुळणी साधून संतुष्ट होऊ नये. ग्रिम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये पुरस्कारिलेली रीत अशी की, भिन्न पातळ्यांवरील अनेक आकृतिबंधांशी प्रतिमान एकाच वेळी पडताळावे. कुटुंबांची एकूण संख्या, वस्त्यांचा आकार आणि त्यांची स्थाने या तिन्ही गोष्टी एकाच नियमसंचातून निघाव्या लागल्या, तर चुकीचे नियम टिकणे अवघड होते. यांपैकी एखादी तरी माहिती प्राचल ठरविताना बाजूस ठेवावी आणि अखेरीस तिच्यावर कस लावावा.

या क्रमास वेळ लागतो, आणि प्रबंधाची मुदत ठरलेली असते. म्हणूनच मोठ्या प्रतिमानाचा मोह आवरणे आवश्यक आहे. पाच नियमांचे, पण सर्व बाजूंनी तपासलेले प्रतिमान हे पन्नास नियमांच्या न तपासलेल्या प्रतिमानापेक्षा प्रबंधास अधिक शोभा देते. परीक्षकांनीही आलेख किती जुळला एवढेच न पाहता, तो आणखी कोणत्या कारणांनी जुळला असता आणि ती कारणे कशी वगळली, हे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर ज्या विद्यार्थ्याजवळ तयार असेल, त्यास ही पद्धती अवगत झाली असे समजण्यास प्रत्यवाय नाही.